आईनं सांगितलेला कौल

आमच्या घरात देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. विहीर खणायची असो, गाय विकायची असो, नाहीतर धाकट्या भावाला मुंबईत खोली बदलायची असो, आई आधी गावी जाणार, गुरवकाकांना गाठणार आणि कौल लावणार. देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवकाकांनी गाऱ्हाणं घालायचं आणि मग सगळ्यांनी टक लावून बसायचं. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एकदा डावी पडली की आई तो विषय कायमचा मिटवून टाकते. आमचं स्वयंपाकघर अजून पूर्वेला सरकलेलं नाही, ते याच कारणानं.

मी रत्नागिरीत एका प्रयोगशाळेत कोळंबीचे रोग तपासते. तलाववाले नमुने घेऊन येतात, मी ते सूक्ष्मदर्शकाखाली बघते आणि कोळंबी कशानं मरतेय ते सांगते. वडील गेल्यापासून आई शहरात माझ्याकडे असते, पण जीव सगळा हातखंब्याच्या पलीकडे गावात. तर मला स्कॉटलंडमधल्या एका जुन्या, फार नावाजलेल्या विद्यापीठाचं पत्र आलं. माशांच्या रोगांवरचा दीड महिन्याचा अभ्यासक्रम, निवडक माणसं, सगळा खर्च त्यांचा. दोन वर्षं मी त्या पत्राच्या मागे होते. प्रयोगशाळेत पेढे वाटले, घरी आले, आणि आई म्हणाली, "रविवारी गावी जाऊन येते. विचारायला हवं."

"देवीला माशांच्या रोगातलं काय कळतं?" मी म्हटलं.

"तुला तरी कुठं कळतं? म्हणून तर चाललीस ना शिकायला?"

आईशी वाद घालणं म्हणजे जांभ्या दगडावर डोकं आपटणं. मी गेले नाही. तसंही मला ते पटत नाही आणि मी ते कधी लपवलेलं नाही. भाऊ मुंबईहून आला होता, तो तिच्याबरोबर गेला. संध्याकाळी दोघं परत आली तेव्हा मी कागदपत्रांच्या झेरॉक्स लावत होते.

"काय म्हणाली तुमची देवी?"

"उजवा दिलान," आई म्हणाली आणि सरळ मोरीत पाय धुवायला गेली. भावानं टीव्ही लावला. मी म्हटलं, चला, एक कटकट मिटली.

आता मागे वळून बघितलं की एकेक गोष्ट दिसते. निघायच्या दिवशी मी बाजारातून मुद्दाम ताजे बांगडे आणले होते. तिकडे दीड महिना काय मिळेल देव जाणे, म्हटलं पोटभर खाऊन जाऊ. आईनं बांगडे तळले, मला वाढले, आणि स्वतः आमटीभात घेतला. वार बुधवार, म्हणजे मासे खायचा. बुधवारी तळलेला बांगडा समोर असताना माझ्या आईनं आमटीभात खाणं म्हणजे काय, ते फक्त आमच्याकडच्या माणसालाच कळेल. मी विचारलं तर म्हणाली, "पित्त झालंय." मला निघायची घाई होती. मी तिची पण तुकडी उचलली आणि खाल्ली.

गाडी हातखंब्याला आली तेव्हा ती उतरली. मी नसताना ती गावी राहणार होती. रडली नाही. खिडकीतून माझ्या गालाला हात लावला नि म्हणाली, "मागे बघू नको." मी बघितलंच. ती फाट्यावर पिशवी धरून उभी होती आणि ओठ हलत होते. म्हटलं, झालं हिचं गाऱ्हाणं सुरू.

विद्यापीठाच्या दारात मी पोचले तेव्हा हात इतके गारठले होते की त्यांनी दिलेलं खोलीचं कार्ड मला नीट धरता येईना. दगडी इमारत, एवढी जुनी की पायऱ्या मधोमध झिजलेल्या. समुद्र जवळच होता, पण त्याला वासच नव्हता. समुद्राला वास नाही म्हटल्यावर मला उगाच भीती वाटली. कार्ड दाराला लावलं, दिवा लाल. परत लावलं, लाल. बॅगा घेऊन मी त्या पॅसेजमध्ये उभी, आणि शेजारच्या खोलीतली ब्राझीलची मुलगी बाहेर आली. तिनं माझ्या हातातून कार्ड घेतलं, उलटं केलं आणि दार उघडून दिलं. अगदी गोड हसून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एक गोष्ट मी घरी सांगितली नव्हती. पत्रातच स्पष्ट लिहिलं होतं की पहिल्या शुक्रवारी प्रात्यक्षिक परीक्षा होईल आणि जो त्यात पास होणार नाही त्याला पुढचा अभ्यासक्रम करता येणार नाही. त्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या माणसाला. म्हणजे मी आठवड्यात रत्नागिरीला परत. पेढे खाल्लेली सगळी तोंडं मला डोळ्यांसमोर दिसायची. आमच्या साहेबांनी तर निरोपाच्या भाषणात "आपल्या रत्नागिरीचं नाव" वगैरे बरंच काही म्हणून ठेवलं होतं.

सोमवारी ओळखी झाल्या. कोणी डॉक्टरेट केलेलं, कोणी सरकारात मोठ्या हुद्द्यावर. त्यांचं इंग्रजी इतकं भरभर चालायचं की मी एक वाक्य समजून घेईपर्यंत सगळे पुढच्या विनोदाला हसलेले असायचे. मग मी उशिरा एकटीच हसायचे. अभ्यासक्रमाच्या मुख्य बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, आवाज अजिबात न चढवणाऱ्या. ओरडणारी माणसं मला चालतात, मी त्यांच्यातच वाढलेय. न ओरडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला कळत नाही.

मंगळवारी प्रात्यक्षिक होतं. माझ्यासमोर पांढऱ्या ट्रेमध्ये एक अख्खा ट्राउट ठेवला. हा मासा आजारी होता, त्याला काय झालंय ते शोधायचं. माझं सगळं काम कोळंबीचं, तेही चिमटीएवढे तुकडे. अख्खा मासा आणि हातात सुरी, हे दृश्य मला प्रयोगशाळेतलं नव्हतंच. ते आमच्या मागच्या पडवीतलं होतं. मन कुठेतरी दुसरीकडे, बाई काय बोलल्या ते अर्धं कळलेलं, समोर मासा. हातांनी आपलं काम सुरू केलं. खवले काढले. कल्ल्यांत बोट घातलं, एका हिसक्यात दोन्ही बाजूंचे कल्ले ओढून काढले आणि पायाशी असलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. पोट उभं चिरलं, आतडी बोटानं ओढली आणि तीही डब्यात. छान स्वच्छ, कालवणाला तयार.

मग मला शांतता ऐकू आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आजारी माशाचा पहिला पुरावा कल्ल्यांत असतो. तपासणीला आधी कल्ल्यांचा तुकडा घ्यायचा, मग बाकीचं. मी कोळंबीचे कल्ले रोज बघते, हे मला झोपेतसुद्धा माहीत आहे. आणि मी ते कचऱ्यात टाकले होते.

बाई माझ्या टेबलाशी आल्या. डब्यात बघितलं. ट्रेमध्ये बघितलं. "तुम्ही फार सुबक काम केलंत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता फक्त बटाटे उकडायचे राहिले." सगळे हसले. वाईट मनानं नव्हे, पण हसले. यावेळी विनोद मला वेळेवर कळला.

बुधवारी मी तोंडात घास घालू शकले नाही. ब्राझीलची मुलगी म्हणाली, चल, रात्री आपण दोघी सराव करू. मी तिला नको म्हटलं. माझा स्वभावच तसा, मदत करणाऱ्याच्या अंगावर धावून जायचं. एकटीच पुस्तक उघडून बसले आणि एकच पान वाचत राहिले.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत भावाचा फोन आला. तो गावातून बोलत होता, हे आवाजावरूनच कळलं. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"ताई, आई परवा पडली. विहिरीच्या पायरीवर. पाय मोडलाय. शेजाऱ्यांनी रत्नागिरीला नेऊन प्लास्टर केलं, मी काल मुंबईहून आलो. आता बरी आहे, पण तू ये."

"पडली कशी?"

"चक्कर आली. गेले कित्येक दिवस पेज नि लोणचं खातेय. मासे सोडलेत. मी ओरडलो तर ऐकत नाही." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, तुला सांगणार नव्हतो. तिनं मला शपथ घातली होती. कौल डावा पडला होता. तुझा. देवी नाही म्हणाली होती."

मी त्या दगडी पायरीवर बसले. शिकलेली बाई मी, रोज सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसणारी, देवीला मत्स्यरोगातलं काय कळतं म्हणून विचारणारी. पण खरं सांगते, उलटं लावलेलं कार्ड, कचऱ्यातले कल्ले, आईचा पाय, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं आणि मला दिसलं की हे असंच होणार होतं. नको म्हटलेल्या जागी मी आले होते. मला भयंकर भीती वाटली. पाठोपाठ आईचा राग आला. आयुष्यभर त्या पाकळ्यांवर आम्हाला नाचवलं आणि नेमकं याच वेळी खोटं बोलली!

मी उठले आणि तडक मुख्य बाईंच्या खोलीत गेले. आई आजारी आहे, मला परत जायचंय, असं सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं. कल्ल्यांचा विषय काढला नाही. "उद्या सकाळी परीक्षेआधी मला सांगा," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत तुमची जागा तुमचीच आहे."

बाहेर येऊन मी भावाला फोन लावला. "आईला दे."

आईचा आवाज खणखणीत होता. "जेवलीस काय गो?"

"आई, डावा पडला होता?"

"या मेल्याच्या पोटात काय राहत नाय."

"खरं सांग."

"होय. डावा दिलान."

"मग उजवा का सांगितलास?"

"डावा सांगितला असता तर तू गेली असतीस?"

"गेले असते! मी कुठे मानते हे सगळं?"

"नाय मानत? मग आता रडतेस कशाला?"

मी नाक पुसलं. आई बोलत राहिली, अगदी भाजी निवडता निवडता बोलावं तशी. "हे बघ. तिनं नाय म्हटलान, ते मी ऐकलं. गुरव म्हणाले, झालं, उठा. मी उठले नाय. तिथंच बसून तिला सांगितलं, बाय माझे, आजपर्यंत तुझा शबूद मोडला नाय. पण पोर दोन वर्षं या कागदाची वाट बघतेय. तिला मी सांगणार नाय. ऐकलं नाय म्हणून काय करायचं असेल ते माझ्यावर कर, तिच्यावर नको. ती परत येईपर्यंत मासे सोडले."

"आई, अगं पण पाय..."

"पाय मोडला ना, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं नाय सांगत. पडल्या पडल्या म्हटलं, आला. माझ्यावरच आला. आता पोर सुटली." मग तिचा आवाज चढला. "आणि आता तू तिकडून उठून आलीस, तर माझा पाय फुकट गेला की नाय? सांग ना! पाय मोडून घ्यायचा मी, आणि ही येणार पळून!"

आई ओरडली आणि मला जरा धीर आला. मी पायरीवर बसून रडत होते आणि हसतही होते. शेजारून जाणारी माणसं सभ्यपणे दुसरीकडे बघत होती.

"परीक्षा कधी हाय?" तिनं विचारलं. परीक्षेचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? तुझ्या आवाजावरून कळतं. दहावीला पण असाच झाला होता."

"उद्या."

"मग जा. जेव आधी."

मी जेवले. मग ब्राझीलच्या मुलीच्या दारावर टकटक केली आणि तिला म्हटलं, माझं चुकलं, मला शिकव. तिनं काही न विचारता हातमोजे बाहेर काढले. तिच्याजवळ सरावाचे दोन मासे होते. दर वेळी माझं बोट कल्ल्यांकडे गेलं की ती माझ्या मनगटावर चापट मारायची. शेवटी मनगट लाल झालं, पण बोट थांबायला शिकलं.

शुक्रवारी पुन्हा तोच पांढरा ट्रे. मी देवीचं नाव घेतलं नाही, घ्यायला तोंडच नव्हतं. आईचा प्लास्टरमधला पाय डोळ्यांसमोर आणला. कल्ल्यावरचं झाकण अलगद उचललं. आतले कल्ले फिकट होते, बुळबुळीत, कडांना सुजलेले. एक तुकडा कापला, काचेवर ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. आणि तिथे ते होते, परजीवी, एकाला एक चिकटून. आयुष्यात कुठले किडे बघून मला एवढा आनंद झाला नसेल. बाकीचं मग सुरळीत झालं. बाईंनी जाता जाता माझ्या पायाशी असलेल्या डब्यात वाकून बघितलं. डबा रिकामा होता. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेल्या. दुपारी यादी लागली, त्यात मी होते.

दीड महिन्यानं घरी आले तेव्हा आई काठी घेऊन दारात उभी. मी बॅग तशीच टाकून बाजारात गेले आणि बांगडे आणले. साफ करायला बसले आणि सवयीनं, म्हणजे नव्या सवयीनं, कल्ले उजेडात धरून बघत बसले. "बघतेस काय? टाक ते, भूक लागलीय," आई म्हणाली. त्या दिवशी तिनं चार बांगडे खाल्ले आणि माझ्या तुकडीवरही हात मारला.

मला वाटलं, संपलं. माझं प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, तिचा पाय बरा झाला, काठी तेवढी राहिली. पण पुढं भावाला स्थळ आलं. बुरोंडीची मुलगी, चांगलं घर, दोघांनाही पसंत. मी म्हटलं, आता आई रविवारी गावी जाणार. रविवार आला, आई गेली नाही. दुसरा रविवार आला. मुलीकडचे विचारायला लागले. भाऊ म्हणाला, "आई, कौल कधी लावतेस?"

"तुम्ही ठरवा. मी नाय लावत आता," आई म्हणाली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. रात्रीच्या भांड्यांशी मी तिला गाठलं. "काय झालं तुला?"

ती बराच वेळ एकच ताट घासत होती. "तिनं खरं सांगितलान आणि मी पोरीला खोटं सांगितलं. तेही देवीला तोंडावर सांगून. आता परत कुठल्या तोंडानं विचारायला जाऊ? तिनं मला उत्तर का द्यावं?" मग म्हणाली, "नवरात्रातपण गेले नाय मी. तुला कळलं पण नसेल." मला खरंच कळलं नव्हतं. जिच्याशी ती सगळं बोलायची, वडील गेल्यावर तर सगळंच, त्या देवीशी आईचं बोलणं माझ्या प्रमाणपत्रापायी तुटलं होतं.

पुढच्या रविवारी मी एकटी गावी गेले. गुरवकाका मला बघून चाट पडले. "तू? देवळात?" मी म्हटलं, लावा कौल, उगाच बोलायला लावू नका. "विचारायचं काय?" मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि मग पाकळ्या भिजवल्या. गाऱ्हाणं घातलं. देवी आई माझी, या लेकराची आई तुझा शब्द मोडून बसलीय आणि तोंड लपवून राहिलीय. तिच्यावर तुझा राग असेल तर उजवी दे. नसेल तर डावी दे.

मी मांडी घालून बसले. काही मानत नसलेल्या बाईनं एवढा वेळ एका पाकळीकडे बघू नये. पाठीला घाम आला होता. परीक्षेला आला नव्हता एवढा. बाहेर कोणीतरी सुकी पानं झाडत होतं. मग पाकळी हलली, घसरली आणि खाली पडली.

भाड्याच्या गाडीनं घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. काय विचारलं तेही. "डावी पडली, आई."

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग अगदी हळू विचारलं, "खरं सांगतेस, का माझ्यासारखं?"

"तुझ्या पायाची शपथ."

तिनं डोळे पुसले, काठी न घेता उठली आणि आत कपाट उघडल्याचा आवाज आला. "गाडी अजून खालीच हाय काय गो?" ती आतून ओरडली. "थांबव जरा. लुगडं बदलून येते."